भरतीच्या पाण्यावरचे भात : हॉफविल-ब्रॉडफील्डची भेट

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील जॉर्जिया राज्याचा किनारा सपाट व दलदलीचा आहे. समुद्र आणि कोरडी जमीन यांच्यामध्ये येथे बेटे, खाड्या आणि मैलोगणती पसरलेली लव्हाळ्याची राने आहेत. ब्रन्सविक आणि डॅरिएन या दोन गावांच्या दरम्यान अल्टामाहा नदी अनेक फाटे फुटून अटलांटिक महासागराला मिळते. या मुखप्रदेशाच्या दक्षिणेस हॉफविल-ब्रॉडफील्ड नावाचा भाताचा एक जुना मळा जॉर्जिया राज्याने ऐतिहासिक स्थळ म्हणून जतन केला आहे.

येथे येणाऱ्या प्रेक्षकाला प्रथम एक लहानसे संग्रहालय लागते. त्यात भातशेती चालू असतानाच्या मळ्याची प्रतिकृती मांडलेली आहे. तेथून निघालेली पाऊलवाट सदापर्णी ओक वृक्षांच्या छायेतून जाते. या वृक्षांच्या फांद्यांवरून ‘स्पॅनिश मॉस’ नावाची करड्या रंगाची वनस्पती जटांसारखी लोंबत असते. नावात शेवाळ असले तरी ती शेवाळ नव्हे; ती अननसाच्या कुळातील असून हवेतील ओलाव्यावर जगते. वाटेच्या शेवटी मालकाचे घर दिसते. चित्रपटांतून परिचित झालेले उंच स्तंभांचे प्रासाद मनात घेऊन आलेल्याला ते अगदीच साधे वाटते. ते लाकडी घर एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास बांधले गेले. त्यातील लाकडी सामान व चिनी मातीची भांडी शेवटच्या वारसदार स्त्रीने ठेवली होती तशीच आहेत.

दलदलीतून खाचरे

या मळ्याचा आरंभ १८०६ च्या सुमारास झाला. चार्ल्स्टन येथील विल्यम ब्रेल्सफर्ड याने नदीकाठची सायप्रस वृक्षांची दलदल ताब्यात घेतली व तेथे भाताची लागवड सुरू केली. पुढे त्याचा जावई जेम्स ट्रूप याने मळ्याचा विस्तार केला. १८४९ मध्ये ट्रूप मरण पावला, तेव्हा त्याच्या मालमत्तेत ७,३०० एकर जमीन व ३५७ गुलाम यांची गणना झाली होती. माणसांची ही मोजदाद जमिनीच्या मोजदादीशेजारीच केली जात असे, आणि या स्थळाचा इतिहास समजून घेताना हे विसरून चालत नाही. ट्रूपची कन्या ओफेलिया हिचा विवाह जॉर्ज डेंट याच्याशी झाला. डेंटचे शिक्षण स्वित्झर्लंडमधील हॉफविल येथे झाले होते. त्या शाळेचेच नाव या घराला मिळाले.

भातासाठी हीच जागा का निवडली गेली, याचे उत्तर भरती-ओहोटीत आहे. जॉर्जियाच्या किनाऱ्यावर भरतीचे पाणी दोन मीटरांच्या आसपास चढते. समुद्राची भरती नदीत शिरू लागली की नदीचे गोडे पाणी मागे रेटले जाते व त्याची पातळी वाढते. खारे पाणी पोहोचत नाही, पण भरतीचा रेटा मात्र जाणवतो, असा नदीचा पट्टा फार लांब नसतो. त्या पट्ट्यातील दलदल तोडून, मातीचे बांध घालून खाचरे तयार केली की दिवसातून दोन वेळा निसर्गच पाणी उचलून देतो. पंपाची वा बैलाची आवश्यकता उरत नाही.

मात्र पाणी हवे तेव्हा आत घेणे व नको तेव्हा बाहेर काढणे, हे बांधातल्या मोरीवर अवलंबून असे. बांधाच्या तळातून आरपार एक लाकडी पेटीवजा नळ पुरलेला असे व त्याच्या दोन्ही टोकांना झडपा असत. खाचर भरावयाचे असल्यास नदीकडील झडप वर उचलीत आणि आतील झडप सैल लोंबती ठेवीत. भरतीच्या पाण्याने आतील झडप उघडे व पाणी खाचरात येई. ओहोटी सुरू होताच आतल्या पाण्याच्या दाबाने तीच झडप आपोआप मिटे. खाचर रिकामे करावयाचे असल्यास याच्या उलट रचना करीत. गोव्यातील खाजण जमिनींवरचे ‘मानस’ ज्याने पाहिले आहे, त्याला भरतीच्या दाबाने चालणारी ही युक्ती अपरिचित वाटणार नाही. फरक इतकाच की खाजणात खारे पाणी बाहेर रोखणे हा मुख्य हेतू असतो, तर येथे गोडे पाणी आत घेणे हा होता.

बांध कोणी घातले?

जॉर्जियाच्या वसाहतीत आरंभी गुलामगिरीला कायद्याने बंदी होती. ती १७५१ मध्ये उठली. त्यानंतर शेजारच्या दक्षिण कॅरोलायनातील भाताचा व्यवसाय दक्षिणेकडे पसरला. सायप्रसची प्रचंड झाडे तोडणे, त्यांची खोडे उपटणे, कमरेइतक्या चिखलात उभे राहून कालवे खणणे व बांध रचणे, ही सर्व कामे आफ्रिकेतून आणलेल्या स्त्रीपुरुषांनी व त्यांच्या वंशजांनी फावड्या-कुदळींनी केली. त्यांच्यापैकी अनेकांचे पूर्वज पश्चिम आफ्रिकेच्या भात पिकविणाऱ्या प्रदेशांतून आलेले होते. अमेरिकेतील भातशेतीच्या तंत्रात त्यांच्या ज्ञानाचा वाटा नेमका किती, याविषयी इतिहासकारांत मतभेद आहेत. परंतु टाचेने बी दाबून पेरणे, उखळ-मुसळाने भात सडणे, गवताच्या विणलेल्या पसरट टोपलीत तो पाखडणे, या रीती आफ्रिकेतून आल्या हे सहज ओळखू येते.

काम नेमून दिलेल्या वाट्याप्रमाणे चाले. खुरपणीसाठी सामान्यतः पाव एकराचा तुकडा एका माणसाच्या वाट्याला येई. तो संपल्यावर उरलेल्या वेळात आपले परसू लावण्याची वा मासे धरण्याची मोकळीक असे. तथापि ही मोकळीक सुखाची नव्हती. उन्हाळ्यात तुंबलेल्या पाण्यावर डास माजत व हिवतापाची साथ पसरे. मालकांची कुटुंबे त्या महिन्यांत उंच जागी राहावयास जात. गुलामांना जाता येत नसे. लहान मुलांचे मृत्यू फार होत. जवळच्याच बटलर बेटावर १८३८-३९ च्या हिवाळ्यात इंग्लिश अभिनेत्री फॅनी केंबल ही आपल्या मळेवाल्या पतीसह राहिली. तिने तेथील स्त्रियांच्या हालअपेष्टांची नोंद दैनंदिनीत केली व १८६३ मध्ये ती प्रसिद्ध केली. त्याच बटलर घराण्याच्या मळ्यांवरील ४३६ माणसे १८५९ च्या मार्च महिन्यात सव्हाना येथे दोन दिवसांत लिलावासाठी उभी करण्यात आली होती.

यादवी युद्धाच्या अखेरीस, जानेवारी १८६५ मध्ये, जनरल शर्मन याने या किनाऱ्यावरील भातजमिनी मुक्त झालेल्या कुटुंबांना प्रत्येकी चाळीस एकरांपर्यंत देण्याचा आदेश काढला. त्याच वर्षी राष्ट्राध्यक्ष अँड्र्यू जॉन्सन याने तो फिरविला व जमिनी पूर्वीच्या मालकांकडे परत गेल्या. ज्यांनी बांध घातले त्यांना खाचरे मिळाली नाहीत.

भातानंतर

युद्धानंतर भाताचा व्यवसाय पूर्ववत झाला नाही. चिखलातले ते काम तुटपुंज्या मजुरीवर करण्यास मुक्त माणसे राजी नव्हती. १८९३ व १८९८ च्या चक्रीवादळांनी किनाऱ्याची मोठी हानी केली. लुइझियाना व आर्कान्सा येथील टणक जमिनीवर यंत्रांनी भात पिकू लागला. येथील मऊ चिखलात ती यंत्रे रुतत. हॉफविल येथे भातशेती १९१३ च्या सुमारास थांबली. डेंट कुटुंबाने मग दुग्धव्यवसाय सुरू केला व तो १९४२ पर्यंत चालविला. त्या काळचा गोठा, बाटल्या भरण्याची जागा व बर्फघर आजही पाहावयास मिळतात. वंशातील शेवटची वारसदार, दुसरी ओफेलिया डेंट, १९७३ मध्ये निधन पावली. तिने ही मिळकत राज्याच्या स्वाधीन केली होती.

ऋतूंची हजेरी

आज या स्थळी लोक इतिहासाइतकेच पक्ष्यांसाठी येतात. किनाऱ्यालगतच्या पक्षिनिरीक्षण मार्गावरील हा एक अधिकृत टप्पा आहे. वसंतात निळ्या डोक्याचा, तांबड्या पोटाचा व हिरव्या पाठीचा ‘पेंटेड बंटिंग’ विणीसाठी येतो. उन्हाळ्यात करकोचे व बगळे उथळ पाण्यात मासे टिपताना दिसतात. शरद ऋतूत उत्तरेकडील पक्ष्यांचे थवे दक्षिणेस जातात आणि हिवाळ्यात बदके उतरतात. नाताळच्या सुमारास जुने घर हिरव्या डहाळ्यांनी सजविले जाते.

स्थलांतर करणाऱ्यांत ‘बोबोलिंक’ हा लहान पक्षी आहे. भातशेतीच्या काळात त्याला ‘भातपक्षी’ म्हणत. तो दक्षिण अमेरिकेकडे जाण्याच्या वाटेवर नेमका भात दुधात असताना उतरे, आणि त्याला हाकलण्यासाठी गुलाम मुले व माणसे दिवसभर बांधांवर उभी केली जात.

घराच्या मागील उतारावरून पाहिले असता पलीकडे लव्हाळ्याचे सपाट रान दिसते. ते निसर्गनिर्मित आहे असा प्रथमदर्शनी समज होतो. पण नीट पाहिल्यास त्यात सरळ रेषा व काटकोन दिसू लागतात. तेच जुने कालवे व बांध होत. नदीच्या मुखावरील काही बेटांवर राज्याचा वन्यजीव विभाग याच जुन्या खाचरांतील पाणी चढवून-उतरवून बदकांसाठी पाणथळ राखतो. ज्या पाण्यावर आज पक्षी उतरतात, त्याला आकार देणारे हात गुलामांचे होते.

घरातील पात्रांवर व खुर्च्यांवर मालकांची नावे सांगता येतात. बांधांवर कोणाचेही नाव नाही. २००६ मध्ये अमेरिकेच्या काँग्रेसने उत्तर कॅरोलायनापासून फ्लॉरिडापर्यंतचा किनारी पट्टा गल्ला-गीची लोकांचा, म्हणजे याच श्रमिकांच्या वंशजांचा, सांस्कृतिक वारसा म्हणून मान्य केला. ही मान्यता येण्यास फार उशीर झाला. परंतु तिच्यामुळे जतन केलेल्या घराकडे पाहण्याची दिशा बदलली आहे. हॉफविलला जाणाऱ्याने घर पाहून परतू नये. त्याने उतारापर्यंत चालत जावे व ओहोटीच्या वेळी त्या सरळ रेषा पाहाव्यात. या मळ्यावरील सर्वांत मोठी वास्तू तीच आहे.