आंब्याचे भाऊबंद : काजू, चारोळी आणि बिब्बा



वनस्पतींची कुळे शिकवताना मी मुलांना विचारतो, "डिंकाच्या लाडवातलं काय काय आंब्याचं नातेवाईक आहे?" मुलं हसतात. पण उत्तर खरं आहे. काजू, पिस्ता, चारोळी आणि गोडंबी ही सगळी आम्रकुलातली. (बदाम नाही बरं का, तो गुलाबाच्या कुळातला. आणि अक्रोडाचं घर वेगळं.) या कुळात 800 हून अधिक जाती आहेत आणि त्या मुख्यतः उष्ण प्रदेशात वाढतात.

काजू मूळचा ब्राझीलचा. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी तो गोव्यात आणला. आपल्या जळगाव-धुळ्यात काजूच्या बागा नाहीत, म्हणून मी मुलांना बिब्बा दाखवतो. यावल, शिरपूरकडच्या सातपुड्यात चारोळी आणि बिब्बा दोन्ही मिळतात. बिब्ब्याचं फळ नीट बघा. वर नारिंगी, गरदार भाग आणि खाली लोंबणारी काळी बी. अगदी काजूचं बोंडच! दोन्हींत गर असतो तो फुगलेल्या देठाचा, खरं फळ म्हणजे ती खालची बी.

आता महत्त्वाचं. एकदा सहावीतला एक मुलगा दप्तरात बिब्बे घेऊन आला. मधल्या सुट्टीत काट्याने टोचून हातावर नावं काढली. त्या दिवशी काहीच झालं नाही. दुसऱ्या दिवशी हात सुजला, फोड आले आणि घरच्यांना वाटलं, काहीतरी चावलं. बिब्ब्याच्या टरफलात दाहक तेल असतं. धोबी याच तेलात चुना मिसळून कपड्यांवर न जाणारी खूण करायचे. काजूच्या टरफलातही तसंच तेल असतं, म्हणून काजू भाजून किंवा वाफवून मगच फोडतात. कैरीच्या चिकाने ओठ उततात तेही याच कुळाचं लक्षण.

आपल्याकडे अजूनही काही घरांत लेकरू आजारी पडलं की बिब्बा तापवून त्याचा डाग देतात. आजीबाईंचा मान ठेवून सांगतो, तेवढं करू नका. लहान मुलांची कातडी नाजूक असते, जखम चिघळते. तेल लागलंच तर लगेच साबणाने धुवा, तोच हात डोळ्याला लावू देऊ नका आणि फोड आले तर दवाखान्यात न्या. बिब्बे चुलीतही टाकू नका, धूरसुद्धा बाधतो.

वर्गात दाखवताना मी बिब्बे झाकण घट्ट लावलेल्या काचेच्या बरणीतच ठेवतो. हातात द्यायला चारोळी आहेच, शेवटी ती खाताही येते.