आज्ञावलीची परीक्षा



आर्थरसीटवरून सावित्रीचें खोरें पाहून आलेला विद्यार्थी निबंधांत "खोल दऱ्या" असें लिहितो. तोच निबंध संगणकावर उतरवितांना जर "खोल दर्या" असा उमटला, तर दऱ्यांचा समुद्र होतो! "आचाऱ्यास" आणि "आचार्यास" या जोडींतहि असाच अनर्थ आहे. स्वयंपाक्यास धाडलेलें धान्य गुरुजींच्या दारीं यावयाचें. यंत्रास अर्थ कळत नाहीं. दिलेल्या आज्ञा तें क्रमानें पाळतें. या आज्ञांच्या संचास आज्ञावली किंवा सॉफ्टवेअर म्हणतात. ती लोकांच्या हातीं पडण्यापूर्वीं कोणत्या पायऱ्या चढते, तें मराठी लेखनाच्याच उदाहरणानें पाहूं.

आपल्या लिप्या संगणकावर आणण्याचें 'जिस्ट' नांवाचें तंत्र कानपूरच्या आय. आय. टी. त उदयास आलें व पुण्यास १९८८ सालीं स्थापन झालेल्या सी-डॅक या संस्थेनें तें पुढें वाढविलें. भारतीय लिप्यांसाठीं 'इस्की' ही संकेतपद्धति १९९१ सालीं राष्ट्रीय मानक म्हणून मान्य झाली.

पहिली पायरी गरज ओळखण्याची. मराठीस रफार व 'ऱ्य' हे दोन्ही लागतात, ही गोष्ट आरंभींच लिहून ठेविली नाहीं, तर पुढील सारें कौशल्य व्यर्थ होय. दुसरी पायरी आराखड्याची: काम लहान भागांत वांटावयाचें. तिसरी पायरी प्रत्यक्ष आज्ञा लिहिण्याची.

येथून परीक्षेस आरंभ होतो. प्रथम घटक-चाचणी, म्हणजे केवळ जोडाक्षर घडविणारा भाग एकटा तपासणें. मग एकत्रीकरण-चाचणी, कळफलकावर टंकलेला शब्द पडद्यावर आणि कागदावर तसाच उतरतो काय, हें पाहणें. पुढें प्रणाली-चाचणी, तींत सबंध आज्ञावली मोठ्या ग्रंथावर चालवून पाहतात, व मुद्दाम भलत्याच कळाहि दाबतात. नंतर निर्मात्यांच्याच आवारांत 'अल्फा' चाचणी, आणि शेवटीं बाहेरच्या निवडक लोकांकडून 'बीटा' चाचणी होते. कचेरींतील कारकून किंवा छापखान्यांतील जुळारी ती अशा रीतीनें वापरतो कीं, जी निर्मात्याच्या स्वप्नांतहि आलेली नसते.

दोष सांपडून दुरुस्त झाला, म्हणजे मागील चाचण्या पुन्हां कराव्या लागतात. कारण 'दऱ्या' सुधारतांना 'सूर्य' बिघडण्याचा संभव असतो.

ही पुनरावृत्ति कंटाळवाणी खरी. पण ती टाळल्याचें फळ पाहा. ४ जून १९९६ रोजीं युरोपचें एरियान-५ हें अग्निबाण प्रथमच उडालें आणि सुमारें ३७ सेकंदांनीं त्याचा मार्ग सुटून तें नष्ट झालें. त्याच्या दिशादर्शक यंत्रांतील आज्ञावली जुन्या एरियान-४ वरून घेतलेली होती. नव्या बाणाचा वेग अधिक. त्यामुळें एक संख्या इतकी वाढली कीं, सोळा बिटांच्या जागेंत ती मावेना. त्या जागेची मर्यादा ३२,७६७. राखीव यंत्र होतें, परंतु त्यांतहि तीच आज्ञावली असल्यानें तेंहि तसेंच थांबलें. जुन्या बाणावर ती निर्दोष चालली होती, म्हणून नव्या उड्डाणाच्या आंकड्यांनीं तिची परीक्षा कोणीं घेतलीच नव्हती.

डाइक्स्ट्रा या डच शास्त्रज्ञानें १९६९ सालींच बजावलें होतें कीं, चाचणीनें दोष आहेत हें सिद्ध करतां येतें; दोष नाहींत हें सिद्ध करतां येत नाहीं. म्हणून चांगला परीक्षक "चालतें" एवढ्यावर समाधान मानीत नाहीं. कोठें मोडेल, तें शोधीत राहतो. आपणच लिहिलेल्या निबंधांतील चूक आपल्या डोळ्यांस दिसत नाहीं, हा तुमचा नित्याचा अनुभव आहे. म्हणूनच लिहिणारा व तपासणारा निराळे असावे लागतात.

तुमच्यांपैकीं जे पुढें या व्यवसायांत शिरतील, त्यांनीं एवढें ध्यानांत ठेवावें: परीक्षेंत सुटलेल्या चुकीचा दंड लिहिणाऱ्यास नव्हे, तर त्यास कधींहि न भेटलेल्या माणसास भरावा लागतो.