हातचं राखणारी माणसं

चिंचवड,
१० जून

चि. अनिकेत यास,


वहिनीचा फोन आला होता. तुझ्याकडे अख्खी लाईन आली, तिन्ही शिफ्ट मिळून शंभरावर माणसं तुझ्या हाताखाली आली, हे ऐकून फार बरं वाटलं. त्याच फोनवर तिने मोठ्या कौतुकाने आणखी एक बातमी दिली. लाईनच्या तोंडाशी तू म्हणे एक फलक लावलायस. आदल्या दिवशी कोणाच्या हातून किती माल रिजेक्ट झाला ते नावानिशी, लाल अक्षरांत. आणि आठवड्याभरात रिजेक्शन निम्म्यावर आलं. वहिनीला मी काही बोलले नाही. तुला मात्र लिहिते आहे, कारण फोनवर तू नुसतं ‘हो आत्या, हो आत्या’ करतोस आणि ऐकत काही नाहीस.

तो फलक काढ.

माझी सगळी नोकरी कामगार कल्याण अधिकारी म्हणून गेली, हे तुला माहीत आहे. पाचशे कामगार झाले की असा अधिकारी नेमावाच लागे, १९४८च्या कारखाना अधिनियमात तशी सक्ती होती, म्हणून कंपनीने मला ठेवलं. माझ्यावरच्या प्रेमाखातर नव्हे. कॅन्टीनची पातळ आमटी, सोसायटीचं थकलेलं कर्ज, नांदायला न येणारी बायको, आई-बहिणीवरून बोलणारा सुपरवायझर, सगळं माझ्या टेबलावर यायचं. इंजिनिअरांना जे कोणी कधी सांगत नसे तेही यायचं, कारण कोणाचं टार्गेट माझ्या हातात नव्हतं आणि इन्क्रिमेंटही नव्हतं.

असाच एक फलक मी जवळून पाहिलाय. कंपनीचं नाव राहू दे. तिथेही पहिल्या पंधरवड्यात आकडे देखणे दिसू लागले, साहेबांची पाठ थोपटली गेली. मग एका सकाळी भंगारवाल्याच्या माणसाने गेटवर एक फ्लँज आणून दिला. चिप्सच्या ट्रॉलीत, तेलकट वेटोळ्यांच्या तळाशी, कॉटन वेस्टमध्ये नीट गुंडाळलेला. ट्रॉली उलटी केली तर तसे आणखी बरेच निघाले. सगळं मशिनिंग झालेलं, वर चकाकी, फक्त भोकं जागेवरून किंचित सरकलेली. कारण काय, तर फिक्स्चरची लोकेटिंग पिन झिजली होती. टूलरूमचं जेमतेम अर्ध्या तासाचं काम. तिन्ही शिफ्टच्या ऑपरेटरांना ते ठाऊक होतं. पण जो पहिल्यांदा सांगणार त्याच्या नावापुढे त्या दिवसाचा आकडा चढणार, म्हणून जो तो आपले आठ तास निभावून पुढच्याच्या गळ्यात घोंगडं टाकत होता. जो माल ट्रॉलीत गेला नाही तो डिस्पॅचला गेला. ग्राहकाच्या असेंब्लीत बोल्ट बसेनात, तेव्हा आमची माणसं गेज घेऊन त्यांच्या गोदामात एकेक नग तपासत बसली. आणि ज्या साहेबांनी फलक लावला होता त्यांनी काय केलं? ट्रॉलीत माल कोणी टाकला ते शोधायला समिती नेमली.

तुझ्या लाईनवर हेच चाललंय असं मी म्हणत नाही. पण या आठवड्यात तू पिन बदलली नाहीस, इन्सर्ट बदलले नाहीत, कूलंटला हात लावला नाहीस, आणि रिजेक्शन निम्मं झालं. मग बदललं काय, हा प्रश्न तुला इंजिनिअर म्हणून तरी पडायला हवा होता.

कामगार हातचं राखून काम करतात, ही तुम्हा लोकांची नेहमीची तक्रार. राखतात, खरंच राखतात. पण का राखतात हे विचारायला कोणी थांबत नाही. शिकागोजवळच्या वेस्टर्न इलेक्ट्रिकच्या हॉथॉर्न कारखान्यातल्या प्रयोगांबद्दल तुम्हाला ट्रेनिंगमध्ये सांगतात. उजेड वाढवला तरी काम वाढलं आणि कमी केला तरी वाढलं, एवढंच तुमच्या लक्षात राहतं. त्याच मालिकेतला शेवटचा प्रयोग जास्त मोलाचा आहे. १९३१-३२ साली टेलिफोन एक्स्चेंजच्या उपकरणांच्या तारा जोडण्याच्या कामातल्या चौदा जणांना एका वेगळ्या खोलीत बसवलं आणि एक निरीक्षक नुसता बघत राहिला. पगार गटाच्या उत्पादनावर होता. जास्त काम, जास्त पैसे. तरीही त्यांनी आपसात ठरवून टाकलं होतं की दिवसाला अमुक इतकंच. तेवढं झालं की हात सैल. जो जास्त भरभर करी त्याच्या दंडावर बाकीचे गुद्दा हाणत. जो फार मागे पडे त्यालाही बोल बसत, आणि साहेबाला जाऊन सांगणारा तर वाळीतच. कागदावर मात्र रोजचं उत्पादन सरळ रेषेत, कारण एखाद्या दिवशी जास्त झालेलं ते मागे ठेवून दुसऱ्या दिवशी दाखवत.

त्यांना मूर्ख समजू नकोस. उत्पादन वाढवलं तर दर कापतील, नाहीतर माणसं कमी करतील, ही त्यांची भीती होती. मंदीचे दिवस होते आणि आजूबाजूची माणसं खरोखरच घरी बसत होती. तुझ्या लाईनवरचा ऑपरेटर हाच हिशेब करतो. त्याने डोकं लढवून सायकल टाइम आठ सेकंदांनी कमी केला, तर दुसऱ्या दिवशी स्टॉपवॉच घेऊन कोण येतं? तुझाच माणूस येतो. पुढच्या महिन्यात ती आठ सेकंदं टार्गेटमध्ये जमा. मग कोण कशाला तुला काही सांगेल?

म्हणून दुसरं सांगणं. माणसाने स्वतःहून सुचवलेल्या सुधारणेतून जे उत्पादन वाढेल ते पुढच्या वेतन करारापर्यंत टार्गेटला जोडू नकोस. तुझ्या अधिकारात नसेल तर प्लँट हेडकडे भांड, आणि मिळालं तर लेखी घे. तोंडी शब्दाला कामगार फुटक्या कवडीचीही किंमत देत नाही, आणि आजवरचा अनुभव पाहता त्यात त्याची चूक नाही.

माणसंच खराब आहेत, मी तरी काय करू, असं तुला वाटत असेल. वाटतंच प्रत्येकाला. कॅलिफोर्नियातल्या फ्रिमाँटला जनरल मोटर्सचा कारखाना होता. तिथली गैरहजेरी वीस टक्क्यांच्या घरात. ड्युटीवर दारू, मुद्दाम बिघडवलेल्या गाड्या, युनियनच्या तक्रारींचे गठ्ठे. १९८२ साली कंपनीने टाळं ठोकलं. दोन वर्षांनी टोयोटाने जनरल मोटर्सशी भागीदारी करून तोच कारखाना उघडला आणि बहुतेक माणसं त्या जुन्यांतलीच घेतली. युनियनही तीच. थोड्याच काळात गैरहजेरी दोन-तीन टक्क्यांवर आली आणि गाड्यांचा दर्जा जपानमधल्या कारखान्याच्या तोडीचा झाला. जुन्या कारखान्यात काहीही झालं तरी लाईन थांबवायची नाही, असा दंडक होता. इंजिन उलटं बसलं तरी गाडी पुढे सरकायची, नंतर मागच्या अंगणात दुरुस्त व्हायची. नव्यात प्रत्येकाच्या डोक्यावर एक दोरी आली. काही चुकतंय वाटलं की ओढायची. टीम लीडर धावत येणार, आणि आपल्या टप्प्यात ते सुटलं नाही तर लाईन थांबणार. माणसं तीच होती, अनिकेत.

दोरी बांधणं सोपं आहे, तुमच्याकडेही बिघाड दाखवणारे अँडनचे लाल-पिवळे दिवे आहेत. दिवा लागल्यावर साहेब कसा चालत येतो, कामगार ते बघत असतो. कपाळाला आठ्या, हातात मोबाइल, आणि दुरूनच ‘कोणी केलं हे?’ हे एकदा झालं की तो दिवा पुढे लागत नाही. तू गेलास की पहिलं विचारायचं, ‘माल कुठवर गेलाय?’ कारण तेच खरं तातडीचं आहे. मग, ‘तुला काय दिसतंय?’ त्याला ऐकू दे, शेजारच्याला ऐकू दे की तू विचारतोयस. मशीनचा आवाज बदलला हे त्याला तुझ्या सेन्सरच्या आधी कळतं. आठ तास त्याच्याशेजारी उभा असतो तो. कोणाच्या हातून झालं हे दहा मिनिटांत आपोआप समजतं, विचारावंही लागत नाही.

आणि त्याने जे सांगितलं त्याचं पुढे काय झालं ते त्याला येऊन सांग. ‘पिन मागवलीय, गुरुवारच्या सुटीत बसवतोय.’ किंवा, ‘पैसे मंजूर झाले नाहीत, या तिमाहीत होणार नाही.’ नकार चालतो त्यांना. उत्तरच न येणं चालत नाही. आमच्या सूचना पेटीचं कुलूप गंजून किल्लीच फिरत नव्हती आणि कोणाच्या ते लक्षातही आलं नव्हतं, यावरून काय ते समज.

तुझ्या माणसांत कंत्राटी किती, कायम किती, ते वहिनीला सांगता आलं नाही. तुमच्या चाकणच्या कारखान्यात आता कंत्राटीच जास्त असणार. त्यांची नावं पाठ कर. खरंच सांगते, एवढं कर. वेगळ्या रंगाचा शर्ट घालून वर्षानुवर्षं त्याच मशीनवर उभा असलेला पोरगा ‘ए ठेकेदारवाला’ या हाकेला ओ देतो, ते मी ऐकलंय. गिरणगावात बदली कामगार रोज सकाळी गेटवर येऊन उभा राहायचा, आज काम आहे की नाही ते बघायला. १९८२चा गिरणी संप बोनस आणि पगारासाठी झाला असं म्हणतात, पण बदली कामगारांना कायम करा हीही मागणी त्यात होती. तुझ्या कंत्राटी माणसांना कायम करणं तुझ्या हातात नाही. पण ट्रेनिंग सगळ्यांना एकच, कॅन्टीनची रांग एकच आणि सेफ्टी शूज एकाच दर्जाचे, एवढं तू करू शकतोस. बुटांचं आधी बघ.

आता यावरून आत्या सगळ्यांना गोंजारायला सांगते असं घरी सांगत सुटू नकोस. खात्यांतर्गत चौकशा मी कमी केलेल्या नाहीत. प्रेसच्या टू-हँड बटणातलं एक काडी घालून दाबून ठेवणारा, लाईनवरच्या मुलींना टोमणे मारणारा, तर्र होऊन रात्रपाळीला आलेला, यांच्या बाबतीत पहिल्याच दिवशी कागद. तोंडी समज देऊन विषय मिटवू नकोस, कारण पुढच्या वेळी बोटं जातील आणि ती त्याचीच असतील असं नाही. आरोपपत्र दे, त्याचं म्हणणं ऐकून घे, नियमाप्रमाणे कर. शिक्षा झालेला माणूससुद्धा मागाहून भेटायला येतो, जर त्याला वाटलं की आपलं ऐकलं गेलं. अपमान झालेला येत नाही, त्याचे मित्रही येत नाहीत.

लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली औंध संस्थानातल्या माळरानावर किर्लोस्करवाडी वसवली, तेव्हा तुरुंगात शिक्षा भोगून आलेल्या माणसांना कारखान्याच्या रखवालीवर नेमलं होतं. लोकांना ते वेड वाटलं असणार. पण त्या मुलखात चोरी कशी होते हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक असणार? मला त्यात दयेपेक्षा चोख हिशेब जास्त दिसतो. तुझ्या लाईनवरही एखादा कटकट्या असेल, प्रत्येक गोष्टीत खोट काढणारा. त्याला क्वालिटीच्या मीटिंगला बसव. बाकीचे त्याला कंटाळले आहेत ते बहुधा तो खरं बोलतो म्हणूनच.

एक राहिलं. सुट्या. पालखी आता निघेल, त्यामागून गणपती. वारीला जाणारा तू सुटी दिलीस तरी जाणार आणि नाही दिलीस तरी जाणार. फरक एवढाच की दुसऱ्या वेळी तो न सांगता जाईल आणि परत आल्यावर तुझ्या नजरेला नजर देणार नाही. कोकणातल्या पोरांचं गणपतीला तेच. मराठवाड्यातल्यांना सोयाबीनच्या काढणीला घरी जावं लागतं, ती वेळ दसरा-दिवाळीच्या आसपास येते. प्रत्येकाला आत्ताच विचार, मोठा तक्ता कर आणि कोणाच्या जागी कोण उभा राहील ते त्यांनाच ठरवू दे. एकमेकांच्या अडचणी त्यांना तुझ्यापेक्षा जास्त माहीत असतात, आणि आपल्या शब्दावर बदली दिलेला माणूस दांडी मारत नाही. फलक काढलास की भिंत रिकामी होईल, तिथेच लाव तो तक्ता.

या गुरुवारी सुटी असेल तर जेवायलाच ये. येताना तिन्ही शिफ्टची नावांची यादी आण, गावासकट. कोकणातले किती आणि बीड-लातूरकडचे किती ते आपण बसून लावू. वहिनीला म्हणावं लोणचं पोचलं, बरणी तुझ्याबरोबर परत पाठवते.

तुझी,
आत्या