आकड्याला भुलू नका

सॅक्सोफोनवर जॅझ वाजवायचं म्हटलं की ‘आधी माउथपीस बदल’ हा सल्ला फुकट मिळतो. माझ्या टेनर सॅक्सोफोनसाठी एकाने जुना, धातूचा माउथपीस ‘अस्सल ७-स्टार, कुणाचा हात न लागलेला’ म्हणून गळ्यात मारला. खालचे सूर फुटेनात, मधूनच किंकाळी उठे. दुरुस्ती करणाऱ्या काकांनी त्यावर काचेची पट्टी ठेवली आणि खालून पातळ पत्री सरकवली. एका कडेला ती जास्त आत गेली. कुणीतरी कानस मारून टोक रुंद केलं होतं, तेही वाकडं.

म्हणून जुना माल घेताना आधी हवा धरतो का ते बघा. ओली रीड, म्हणजे कंप पावणारी वेताची पट्टी, बांधा, मागचं भोक तळहाताने बंद करा, पुढून हवा ओढून ओठ काढा. रीड क्षणभर चिकटून ‘टप्’कन सुटली, तर ठीक. लगेच सुटली तर दुसरी रीड लावा. तरीही तेच, तर नमस्कार करून निघा.

माउथपीसवरचे आकडेही जपून वाचा. ऑटो लिंक कंपनीचा टेनरचा ७-स्टार म्हणजे टोकाशी रीडपासून ०.१०५ इंच फट. मायरचा ऑल्टोचा ५ म्हणजे ०.०७१. बर्ग लार्सन थेट ११० असं कोरतो, सेल्मर अक्षरं वापरतो. एकाचा ७ दुसऱ्याच्या ७शी जुळेलच असं नाही. फट मोठी तर रीड मऊ, दोन-अडीच नंबरची; फट लहान तर तीनची चालते. मोठ्या फटीवर कडक रीड म्हणजे ओठांची वाट.

धातू की एबोनाइट, यावर रात्र जागवू नका. आवाज घडतो तो आतल्या आकाराने. रीडसमोरचं छत, म्हणजे बॅफल, उंच असेल तर आवाज धारदार आणि मोठा. मागचा चेंबर ऐसपैस असेल तर गोल, भरीव. आणि उरलेलं काम तुमच्या घशाचं. टेनरवादक बेन वेबस्टर आणि जॉन कोल्ट्रेन दोघेही ऑटो लिंक वाजवत. एकाचा सूर श्वासाने भिजलेला, दुसऱ्याचा पोलादी.

तुमचा सध्याचा माउथपीस सेल्मरचा सी-स्टार किंवा यामाहाचा ४सी असेल, तर एकदम टोकाला उडी नको. ऑटो लिंकचा ५-स्टार, मग ६ असं चढा. दुकानात स्वतःची रोजची रीड न्या. जोरात सगळेच बरे वाजतात. खालचा बी-फ्लॅट अगदी हळू लावून बघा, मग ट्यूनर लावून वरचे सूर. मित्राला खोलीच्या दुसऱ्या टोकाला उभं करा. आणि पैसे मोजण्याआधी, आवडला नाही तर परत घेण्याची बोली करून घ्या, लेखी.