संगणकाचे वैद्य

रेडिओ बंद पडला किंवा घड्याळ थांबले, म्हणजे आपण ते कारागिराकडे नेतो. तो ते उघडतो, तुटलेली तार जोडतो, झिजलेले चाक बदलतो आणि यंत्र पुन्हा चालू लागते. परंतु १९९० नंतर पुण्यातील दुरुस्तीच्या दुकानांत काही संगणक असे येऊ लागले, की त्यांचा एकही भाग मोडलेला नसे, आणि तरीही ते नीट चालत नसत. तारा शाबूत, पडदा शाबूत. पण आत साठवलेली माहिती मात्र नाहीशी झालेली! अशा यंत्रापुढे कारागिराचा पेचकस काय करणार?

या अडचणीतूनच पुण्यात ‘क्विक हील’ नावाचा उद्योग जन्मास आला. त्याचे संस्थापक कैलाश आणि संजय काटकर हे दोघे सख्खे भाऊ.

काटकरांचे मूळ गाव सातारा जिल्ह्यातील रहिमतपूर. कुटुंब पुण्यात येऊन राहिले होते. थोरल्या कैलाश यांचे शालेय शिक्षण दहावीनंतर थांबले आणि ते कॅल्क्युलेटर दुरुस्त करण्याच्या कामाला लागले. हिशेबाची ही लहानशी यंत्रे त्या काळी बँकांतून आणि कचेऱ्यांतून सर्रास वापरली जात. अशाच एका बँकेत दुरुस्तीसाठी गेले असता त्यांनी संगणक प्रथम पाहिला. हे नवे यंत्र एक दिवस कॅल्क्युलेटरची जागा घेईल, हे त्यांनी ओळखले व संगणकाची दुरुस्ती शिकून घेतली. पुढे मंगळवार पेठेत त्यांनी स्वतःचे लहानसे दुकान थाटले. आपले शिक्षण अपुरे राहिले, तरी धाकट्या भावाने संगणकाचेच शिक्षण घ्यावे, असा त्यांचा आग्रह होता. त्याप्रमाणे संजय पुण्याच्या मॉडर्न महाविद्यालयात संगणकशास्त्र शिकू लागले. एकाचे हात यंत्रात, तर दुसऱ्याचे डोके त्या यंत्राला चालवणाऱ्या आज्ञांत, अशी ही जोडी जमली.

आता त्या आजाराविषयी थोडे सांगितले पाहिजे. संगणक स्वतःहून काहीच करीत नाही. लिहून दिलेल्या आज्ञा तो एकामागून एक पाळतो. अशा आज्ञांच्या संचाला आज्ञावली म्हणतात. एखाद्याने अशी आज्ञावली लिहिली, की जी गुपचूप स्वतःच्याच नकला काढते आणि एका संगणकातून दुसऱ्यात शिरते, तर तिला संगणकाचा विषाणू म्हणतात. हा काही सजीव जंतू नव्हे. तो माणसाने बसून, विचार करून लिहिलेला असतो.

त्या काळी माहितीची नेआण फ्लॉपी नावाच्या पातळ, चौकोनी वेष्टनातल्या चकतीवरून होई. संगणक सुरू होताना आत फ्लॉपी असेल, तर तो तिच्या अगदी आरंभीच्या भागातील आज्ञा आधी वाची. घरात शिरणाऱ्याने पहारेकऱ्याचीच जागा बळकवावी, तसा विषाणू नेमका त्या आरंभीच्या भागात जाऊन बसे आणि तेथील मूळ मजकूर उचलून चकतीवर दुसरीकडे लपवून ठेवी. मग संगणक सुरू होताच प्रथम विषाणू जागा होई व त्यानंतरच खरे काम चाले. वापरणाऱ्याला पत्ताही लागत नसे. तो आपली फ्लॉपी विश्वासाने मित्राला देई आणि आजार पुढे सरके.

या प्रकारचा एक अगदी आरंभीचा विषाणू १९८६ साली लाहोर शहरात तयार झाला. त्याचे नाव ‘ब्रेन’. तोही दोन भावांनीच लिहिला होता, आणि गंमत अशी, की त्यात त्यांनी आपली नावे, पत्ता व दूरध्वनी क्रमांक घालून ठेवले होते! पुढचे विषाणू लिहिणारे मात्र इतके सरळ नव्हते. ‘मायकेलॅन्जेलो’ नावाचा विषाणू वर्षभर निमूटपणे पडून राही आणि ६ मार्चला, म्हणजे त्या थोर इटालियन कलावंताच्या जन्मदिवशी, चकतीच्या आरंभीच्या भागावर निरर्थक अक्षरे लिहून तेथील माहिती पुसून टाकी. १९९२ च्या ६ मार्चपूर्वी त्याच्या भीतीने अनेक देशांतील संगणकवाले हवालदिल झाले होते.

दुकानात येणारे असे आजारी संगणक संजय बारकाईने तपासू लागले. विषाणूने मूळ मजकूर कोठे लपवला आहे, हे शोधावयाचे. तो परत जागेवर आणावयाचा. विषाणूच्या आज्ञा पुसावयाच्या. एकदा रीत सापडली, म्हणजे तेच काम करणारी आज्ञावली लिहावयाची. मग तो आजार घेऊन दुसरा संगणक आला, की तीच आज्ञावली काही क्षणांत तो बरा करी. निरनिराळ्या विषाणूंवरचे हे सुटे इलाज एकत्र करून विकावेत, ही कल्पना कैलाश यांची. त्यातून १९९५ च्या सुमारास जे उत्पादन बाहेर पडले, त्याचे नाव ‘क्विक हील’, म्हणजे झटपट बरे करणारे. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ‘कॅट कॉम्प्युटर सर्व्हिसेस’ या नावाने कंपनीची रीतसर नोंदणी झाली.

विषाणू ओळखावयाचा कसा? प्रत्येकाच्या आज्ञांत काही ठरावीक अक्षरक्रम असतो. पोलीस बोटांचे ठसे जपून ठेवतात, तशी या क्रमांची यादी ठेवतात आणि संगणकातील प्रत्येक फाइल तिच्याशी ताडून पाहतात. ऐकावयास हे सोपे वाटते. पण ठसा फार तोकडा घेतला, तर एखादी निर्दोष फाइलही चोर ठरते आणि इलाजाच्या भरात चांगलेच अवयव कापले जातात! शिवाय विषाणू लिहिणारा स्वस्थ बसत नाही. तो दोन-चार आज्ञा बदलतो, की जुना ठसा निकामी. म्हणून ही यादी सतत नवी करावी लागते. त्या काळी ती फ्लॉपीवर घालून ग्राहकांपर्यंत पोहोचवावी लागे, कारण आपल्या देशात सर्वसामान्यांना इंटरनेट मिळू लागले तेच १५ ऑगस्ट १९९५ पासून.

विक्रीचे काम लिहिण्याहून अवघड होते. परदेशी कंपन्यांची अशी उत्पादने बाजारात होती. पुण्यातील दुकानात लिहिलेल्या आज्ञावलीवर कोणी का भरवसा ठेवावा? काटकरांनी संगणक विकणारे व दुरुस्त करणारे लहान दुकानदार हाताशी धरले. ग्राहकाची अडचण प्रथम त्यांच्याच कानी येई, आणि यंत्र बरे झालेले त्यांना डोळ्यांनी दिसे. माझ्या मते मोठ्या जाहिरातींपेक्षा याच लोकांच्या शब्दाने कंपनीला तारले असावे. २००७ मध्ये कंपनीने उत्पादनाचेच नाव धारण केले व ती ‘क्विक हील टेक्नॉलॉजीज’ झाली. २०१० साली सिकोया कॅपिटल या गुंतवणूक संस्थेने तीत ६० कोटी रुपये घातले, आणि फेब्रुवारी २०१६ मध्ये तिच्या समभागांची नोंदणी मुंबईच्या दोन्ही शेअर बाजारांत झाली.

एव्हाना आजाराचे रूपच पालटले होते. १२ मे २०१७ रोजी ‘वॉनाक्राय’ नावाची आज्ञावली इंटरनेटवरून दीडशेहून अधिक देशांत पसरली. ती फाइली पुसत नसे. त्यांचे गूढ लिपीत रूपांतर करी आणि किल्लीसाठी खंडणी मागे. इंग्लंडमधील कित्येक रुग्णालयांना त्या दिवशी रुग्ण परत पाठवावे लागले. येथे दुकानातील जुनी रीत चालेना. मूळ मजकूर कोठे लपवलेला नव्हता, की शोधून परत जागेवर ठेवावा. किल्लीवाचून तो वाचणे जवळजवळ अशक्यच. ज्या फटीतून ही आज्ञावली आत शिरली, ती बुजवण्याचा उपाय मायक्रोसॉफ्ट कंपनीने मार्चमध्येच, म्हणजे दोन महिने आधी, दिला होता. ज्यांनी तो आपल्या यंत्रांवर बसवला होता, त्यांच्या संगणकांत तिला त्या वाटेने शिरता आले नाही. बाकीच्यांपैकी ज्यांनी आपल्या फाइलींची दुसरी प्रत वेगळ्या जागी ठेवली होती, त्यांनी ती काढून काम पुन्हा सुरू केले.