पुण्यात जीवरसायनशास्त्राची पीएचडी : कृती

तयारी एमएस्सीच्या दुसऱ्या वर्षातच सुरू करा. सीएसआयआर-यूजीसी नेट वर्षातून दोनदा होते. लाइफ सायन्सेसचा पेपर २०० गुणांचा. त्यातल्या ‘सी’ भागात ७५ पैकी फक्त २५ प्रश्न सोडवायचे, प्रत्येकी ४ गुणांचे, आणि चुकला की एक गुण वजा. म्हणून सगळ्या विषयांवरून नजर फिरवत बसू नका. एन्झाइम कायनेटिक्स, प्रथिनांची रचना, चयापचय हे आपले हक्काचे विषय, ते आधी पक्के करा. जेआरएफ, म्हणजे कनिष्ठ संशोधन शिष्यवृत्ती, मिळाली तर पहिली दोन वर्षे दरमहा ३७,००० आणि एसआरएफ (वरिष्ठ) झाल्यावर ४२,००० रुपये, हे जानेवारी २०२३ पासूनचे दर. सोबत जेजीईबिल्स ही जीवशास्त्राची सामाईक प्रवेश परीक्षाही द्या.

अर्ज कुठे करायचा? पाषाणला राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा (एनसीएल) आणि आयसर शेजारी-शेजारी आहेत, विद्यापीठाच्या आवारात राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र (एनसीसीएस) आहे, आगरकर रस्त्यावर आघारकर संशोधन संस्था आहे. एनसीएलमध्ये पदवी अकादमी ऑफ सायंटिफिक अँड इनोव्हेटिव्ह रिसर्चची (एसीएसआयआर) मिळते, आयसर स्वतःची देते. प्रत्येकाची प्रवेशाची जाहिरात वेगळी असते, ती शेवटच्या ओळीपर्यंत वाचा.

आता खरी निवड : गाइडची. संस्थेच्या नावापेक्षा मला हीच महत्त्वाची वाटते, कारण पुढची पाच-सहा वर्षे तुम्ही संस्थेत नव्हे, एका लॅबमध्ये काढणार असता. गाइडचे अलीकडचे पेपर काढा आणि त्यातला पद्धतींचा भाग वाचा. रोज हाताने काय करावे लागेल ते तिथेच कळते. मग सध्याच्या विद्यार्थ्यांना कँटीनमध्ये गाठा. लॅब मीटिंग किती दिवसांनी होते? प्रथिने वेगळी करणारे एफपीएलसी यंत्र लॅबचे स्वतःचे आहे की नंबर लावावा लागतो? आधीचे विद्यार्थी किती वर्षांत बाहेर पडले? शक्य असेल तर एमएस्सीचे डेझर्टेशन तिथेच करा.

प्रवेशानंतर कोर्सवर्क, किमान १२ क्रेडिट. ते उरकून घ्या, पण बेंचवरचे काम थांबवू नका. प्रथिन शुद्ध करायला शिका. अर्काचे भांडे बर्फात ठेवा, ढवळणे मंद ठेवा आणि प्रथिन खाली बसवायला अमोनियम सल्फेट चिमूट-चिमूट टाका. आधीची चिमूट विरघळल्याशिवाय पुढची नको. फेस आला तर प्रथिन बिघडते. साका सेंट्रिफ्यूज करून थोड्या बफरमध्ये विरघळवा, डायलिसिसच्या पिशवीत भरून रात्रभर कोल्ड रूममध्ये ठेवा. पिशवी फुगते, त्यामुळे बांधताना वर जागा सोडा. प्रत्येक टप्प्याचा थोडा नमुना जेलसाठी बाजूला काढा. एन्झाइम कुठे हरवले ते त्यावरूनच सापडते. फसलेला प्रयोगही वहीत त्याच दिवशी, तारखेसह लिहा.

दर सहा महिन्यांनी सल्लागार समितीपुढे बसावे लागते. तिथे अडलेले काम आधी मांडा.

प्रबंध पानांनी मोठा होत नाही. जीवरसायनशास्त्रज्ञ कमला सोहोनी यांनी वनस्पतींतल्या सायटोक्रोम सी वरचा केंब्रिजचा प्रबंध जेमतेम ४० पानांत लिहिला आणि १९३९ मध्ये पदवी मिळवली. आधी आकृत्या क्रमाने लावा, मग मजकूर लिहा. यूजीसीच्या २०२२ च्या नियमांत पीएचडीला किमान तीन आणि साधारणपणे कमाल सहा वर्षे आहेत. मौखिक परीक्षा झाली की प्रबंध शोधगंगा या प्रबंधांच्या ऑनलाइन भांडारात जातो. लॅब सोडण्याआधी उणे ८० च्या फ्रीजरमधल्या आपल्या प्रत्येक नळीची यादी करून ज्युनिअरच्या हाती द्या.