कॅल्शियमच्या गोळीने हृदयाला धोका?

प्रश्न : माझं वय ५८. पाळी गेल्यापासून मी कॅल्शियमच्या दोन गोळ्या रोज घेते. 'त्याने रक्तवाहिन्यांत चुना साचतो, हार्ट अटॅक येतो', असं जाऊबाई म्हणतात. गोळ्या बंद करू का?
– एक वाचक, सातारा

उत्तर : जाऊबाईंची शंका अगदीच निराधार नाही. न्यूझीलंडमधल्या ऑकलंडच्या संशोधकांनी पाळी गेलेल्या १,४७१ स्त्रियांचा हाडांच्या दृष्टीने पाच वर्षं अभ्यास केला. कॅल्शियम घेणाऱ्या गटात हार्ट अटॅकचं प्रमाण जास्त दिसलं. २००८ साली हे प्रसिद्ध झालं. २०१० मध्ये याच मंडळींनी ११ चाचण्या एकत्र तपासल्या, तेव्हा हा धोका सुमारे ३० टक्क्यांनी वाढलेला आढळला. दूध-दह्यातलं कॅल्शियम रक्तात हळूहळू उतरतं. गोळीने मात्र काही तास त्याची पातळी चढते. संशय आहे तो या चढावर.

पण दुसरी बाजूही आहे. अमेरिकेत ३६,२८२ स्त्रियांवर सात वर्षं चाललेल्या चाचणीत कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व एकत्र दिलं गेलं. तिथे हार्ट अटॅक वाढले नाहीत. मुतखडे मात्र १७ टक्क्यांनी वाढले. म्हणजे वाद मिटलेला नाही. शिवाय रक्तवाहिनीत 'चुना' साचतो तो आधीच खराब झालेल्या भिंतीत. ती खराब होते रक्तदाब, मधुमेह, कोलेस्टेरॉल आणि तंबाखूमुळे.

तेव्हा घाबरण्यापेक्षा हिशेब करा. पाळी गेल्यावर दिवसाला साधारण १,२०० मिलिग्रॅम कॅल्शियम लागतं. दोन कप दुधातून सुमारे ५००, वाटीभर दह्यातून १५०, नाचणीच्या एका भाकरीतून पावणेदोनशेच्या आसपास मिळतं. झाले सव्वाआठशे! त्यात तिळाची चटणी आणि पालेभाजी धरली, तर उरते ती तूट थोडीच.

आता गोळ्यांची पट्टी उलटी करून बघा. 'कॅल्शियम कार्बोनेट १२५० मि.ग्रॅ.' असं लिहिलं असेल, तर प्रत्यक्ष कॅल्शियम असतं ५०० मिलिग्रॅम. तुमचा आहार वर सांगितल्यासारखा असेल, तर एका गोळीत काम भागतं, दुसरी फुकट. दूध-दही, नाचणी पोटात जातच नसेल, तर मात्र हिशेब बदलेल.

कार्बोनेटची गोळी जेवणासोबत घ्या. थायरॉईडची गोळी चालू असेल, तर दोन्हींत चार तासांचं अंतर ठेवा. मुतखडा किंवा मूत्रपिंडाचा त्रास असल्यास डॉक्टरांना आधी सांगा. हाडं ठिसूळ झाल्याने औषधं चालू असतील, तर गोळी परस्पर बंद करू नका. त्या औषधांना कॅल्शियमची जोड लागते.

पुढच्या वेळी डॉक्टरांकडे जाताना पट्टी आणि दिवसभराच्या खाण्याची यादी, दोन्ही सोबत न्या. दुसऱ्या गोळीचा निकाल तिथेच लागेल.